फाइलीत नऊ वेळा ‘डिफर्ड’

बसायचं नाही कुणी. उभेच राहा. खुर्च्या मी मुद्दाम बाहेर काढायला लावल्यात. अजून पाच मिनिटं झाली नाहीत, तोवर मागच्या दोघांनी भिंतीला पाठ टेकली, दिसतंय मला. चोवीस-पंचवीस वर्षांची धडधाकट पोरं तुम्ही, सकाळी कँटीनमध्ये पोहे चापून आलेली, आणि उभं राहायचं म्हटलं की भिंत शोधता. असो. आयसीयूतल्या सात नंबरच्या काकांबद्दल बोलू.

ही त्यांची फाइल. मीच वाचून दाखवते. पहिला दिवस: ‘चेस्ट फिजिओ दिली, पेशंट सेडेटेड, मोबिलायझेशन डिफर्ड.’ दुसरा दिवस: तेच. तिसरा दिवस: तेच, फक्त निळ्या पेनाचं काळं पेन झालं. चौथा दिवस: ‘अनस्टेबल, डिफर्ड.’ आता पान उलटा. सिस्टरांची नोंद बघा. चौथ्या दिवशी सकाळी सहा वाजता बीपीचं नॉरअ‍ॅड बंद. बीपी ११८-७२. ऑक्सिजन ४० टक्के, व्हेंटिलेटरचा पीप ६, सॅच्युरेशन ९६. यात अनस्टेबल काय होतं? तुमच्या अक्षराखेरीज मला तरी काही डळमळीत दिसलं नाही. पुढे पाचवा, सहावा, सातवा, आठवा, आणि काल नववा. डिफर्ड म्हणजे हालचाल करवणं पुढे ढकललं. बरं, कुठल्या दिवसावर ढकललं? कोर्टसुद्धा पुढची तारीख देतं.

हे काका एसटीत कंडक्टर होते. एकोणतीस वर्षं. घाटातल्या वळणावर गाडी हेलकावे खात असताना तिकिटांची पेटी सांभाळत, दांडा न धरता सुटे पैसे मोजणारा माणूस. फाइलीत हे कुठेही नाही. बाहेरच्या बाकड्यावर नऊ दिवस बसलेल्या त्यांच्या बायकोनं मला सांगितलं. पहिल्या दिवशी तुम्ही त्यांच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी दिलीत, कपडे, घड्याळ आणि चपला, आणि वर सांगितलंत, ‘हे इथं लागणार नाही.’ काल त्या मला विचारत होत्या, ‘मॅडम, ह्यांना लकवा तर नाही ना मारला? हातच उचलत नाहीत.’ तुमच्यापैकी एकाला तरी त्यांनी हे विचारलं असेल. काय उत्तर दिलंत? ‘डॉक्टरांना विचारा’?

लकवा नाही. आज सकाळी मी स्वतः त्यांचे स्नायू तपासले. सहा हालचाली, दोन्ही बाजू, प्रत्येकी पाच गुण, एकूण साठ. पहिल्या वर्षी पाठ केलं होतंत ना? ४८च्या खाली गेलं की आयसीयूतली कमजोरी म्हणायची. काकांचे ३६ आले. दोन्ही बाजूंना सारखेच, आणि खांदे नि मांड्या पंजांपेक्षा जास्त दुबळ्या. न्यूमोनियानं आलेला माणूस न्यूमोनियातून बाहेर निघाला आणि खाटेत अडकला. परवा आणि काल, दोन्ही दिवस व्हेंटिलेटरवरून काढायचा प्रयत्न केला, अर्ध्या तासात श्वास पस्तीसवर गेला, घामाघूम झाले, पुन्हा मशीनवर टाकलं. रजिस्ट्रार म्हणतात आता गळ्याला भोक पाडावं लागेल. एक्स-रेत डाव्या फुप्फुसाचा तळ पांढरा दिसतोय, म्हणून तुम्ही काय केलंत? सकाळ-संध्याकाळ छातीवर टाळ्या वाजवल्यात. टाळ्याच वाजवायच्या तर कीर्तनाला जा. उताणा पडलेला माणूस तसाच उताणा ठेवायचा, वरून बडवायचा आणि ‘चेस्ट फिजिओ दिली’ म्हणून सही ठोकायची! तळ खाली, गादीकडे तोंड करून दबलाय, आणि तुम्ही दार वाजवताय पुढच्या बाजूचं.

आता सांगा, तो तळ का दबला? कोण सांगतंय? ‘सिक्रीशन्स.’ हे अर्धंच उत्तर झालं, आणि तेही दुसरं अर्धं.

श्वास सोडल्यावर फुप्फुसात जी हवा मागे उरते ना, ती त्या फुप्फुसाची शिल्लक. हवेच्या पिशव्या मिटू नयेत म्हणून ठेवलेली. उभा माणूस आडवा झाला की ही शिल्लक अर्ध्या ते एक लिटरनं घटते. कारण साधं आहे: उभं असताना पोट खाली लोंबतं, आडवं झाल्यावर तेच पोट श्वासाच्या पडद्याला छातीत ढकलतं. त्यावर झोपेचं औषध दिलं की पडद्याचा ताणही जातो, शिल्लक आणखी घटते. मग पाठीकडच्या बारीक नळ्या श्वास सोडतानाच मिटायला लागतात. आणि गंमत बघा, रक्त गुरुत्वाकर्षणानं जातं कुठे? त्याच पाठीकडच्या भागात. रक्त पोहोचलं, पण तिथं हवाच नाही; जसं गेलं तसं निळंच परत आलं. सॅच्युरेशन घसरलं. मग कुणीतरी शहाण्यासारखा ऑक्सिजन वाढवतो. साध्या हवेत पाऊण हिस्स्याहून जास्त नायट्रोजन असतो, तो रक्तात फारसा शोषला जात नाही, म्हणून पिशवी उघडी राहते. ऑक्सिजन वाढवला की नायट्रोजन कमी, ऑक्सिजन रक्तानं ओढून घेतला, पिशवी आणखी मिटली. मॉनिटरवर आकडा सुधारला आणि खाली फुप्फुस बंद होत गेलं. हा जो आकडा बघून तुम्ही ‘मेंटेनिंग वेल’ लिहिता, तो उसनवारीचा आकडा आहे.

सिक्रीशन्सचं, म्हणजे साचलेल्या कफाचं, आता बोलू. खोकला कशानं येतो? आधी खोल श्वास आत, मग कंठ बंद, मग पोटाचे स्नायू आवळायचे, मग कंठ उघडून जोरात हवा बाहेर. यातलं काय उरलंय काकांकडे? कंठात ट्यूब आहे, तो बंदच होत नाही. खोल श्वास घ्यायला पडदा हवा. पोट आवळायला पोटाचे स्नायू हवेत. ते कुठे गेले?

पडद्याचं एक ऐका. २००८ साली अमेरिकेत मेंदू मृत झालेल्या चौदा अवयवदात्यांच्या पडद्याचे तुकडे तपासले. अठरा ते एकोणसत्तर तास व्हेंटिलेटरवर होते ते, म्हणजे तीन दिवसही नाहीत. पडद्याचे तंतू निम्म्याहून अधिक बारीक झालेले होते. आजन्म दर मिनिटाला न थकता चालणारा स्नायू, मशीननं त्याचं काम उचललं आणि तो गळून गेला. तिकडे लंडनमध्ये मांडीचा पुढचा स्नायू सोनोग्राफीनं मोजला, आयसीयूतल्या ६३ जणांचा. दहाव्या दिवसापर्यंत जवळजवळ १८ टक्के घटला होता. काका आज दहाव्या दिवसात आहेत. त्यांची मांडी हातात धरून बघितलीत कधी? पॅसिव्ह मूव्हमेंट देताना तरी? दहा वेळा गुडघा वाकवला, दहा वेळा सरळ केला, तोवर तुमचं लक्ष समोरच्या बेडवरच्या गप्पांत. स्नायूनं स्वतः काम केल्याशिवाय तो टिकत नाही. तुम्ही हलवलेल्या पायात तुमचेच दंड तयार होतात.

मला ठाऊक आहे, दोष एकट्या तुमचा नाही. झोपवून ठेवणं म्हणजे काळजी घेणं, हे आपल्या हाडात मुरलेलं आहे. नातेवाईक शहाळं घेऊन येतात आणि म्हणतात, त्यांना आराम करू द्या. मी शिकत होते तेव्हा हार्ट अटॅकच्या पेशंटला कूस बदलायलासुद्धा आम्ही परवानगी विचारायचो. पण आराम हेही औषध आहे, आणि त्यालाही डोस असतो, हे जगाला कळून जमाना झाला. १९४७ मध्ये रिचर्ड अ‍ॅशर नावाच्या इंग्रज डॉक्टरनं अंथरुणावर पडून राहण्याच्या धोक्यांवर लेख लिहिला होता. १९६६ मध्ये डॅलसला पाच निरोगी, विशीतल्या तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं. दम टिकवायची त्यांची ताकद पाव हिश्श्याहून अधिक घसरली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले, पन्नाशीतले. तीस वर्षांच्या वयानं जेवढी हानी केली नव्हती, तेवढी त्या तीन आठवड्यांनी केली होती. ते निरोगी होते बरं का. काकांना न्यूमोनिया होता, ताप होता, साठी जवळ आली होती.

आता तुमची कारणं. सगळी मला पाठ आहेत, त्यामुळे सांगायचे कष्ट घेऊ नका.

‘ट्यूब आहे, मॅम.’ असू दे की. २००७ साली सॉल्ट लेक सिटीतल्या एका श्वसन-आयसीयूनं आपला हिशेब छापला: १०३ पेशंट, १४४९ वेळा बसवणं, खुर्चीत बसवणं, चालवणं. त्यात ट्यूब असलेलेही होते. काही बिघडलं असं एक टक्क्यापेक्षाही कमी वेळा. हालचालीत ट्यूब निघाली अशी एकही वेळ नाही. २०१४ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून सिग्नलसारखी हिरवा-पिवळा-लाल अशी यादी केली. तोंडातली ट्यूब हे एवढ्यावरून थांबायचं कारण नाही, असं त्यात साफ आहे. ऑक्सिजन ६० टक्के किंवा कमी, सॅच्युरेशन ९० किंवा वर, श्वास तीसच्या आत, पीप दहाच्या आत: हिरवा. काका चौथ्या दिवसापासून हिरव्यात होते. सिग्नल हिरवा आणि तुम्ही क्लच दाबून उभे. मागे किती गाड्या तुंबल्या त्याचा पत्ता नाही.

‘पेशंट झोपेत होता.’ कुणी झोपवला? आणि तुम्ही राउंडला विचारलंत का, आज झोपेचं औषध थांबवणार का, कधी थांबवणार, तेव्हा मी येते म्हणून? २००९ मध्ये शिकागो आणि आयोवात १०४ पेशंटवर जो अभ्यास झाला, त्यात हीच गोष्ट केली. रोज औषध थांबवायचं, आणि त्याच जागेपणात व्यायाम नि स्वतःची कामं स्वतः करायला शिकवायचं, व्हेंटिलेटर लागल्यापासून पहिल्या दोन-तीन दिवसांतच. घरी जाताना स्वतःचं स्वतः करू शकणारे व्यायामाच्या गटात ५९ टक्के निघाले, दुसऱ्यात ३५. भ्रम दोन दिवस टिकला, दुसऱ्यात चार. व्हेंटिलेटरशिवायचे दिवसही जास्त मिळाले. काका रात्री दोनला ‘गाडी सुटली, गाडी सुटली’ असे हातवारे करतात म्हणून सिस्टरांनी त्यांचे हात बांधलेत. ते तुमच्या फाइलीत ‘अ‍ॅजिटेटेड’ म्हणून आलंय. दिवसा जागं ठेवलं असतंत, खिडकीकडे तोंड करून बसवलं असतंत, तर रात्री गाडी सोडायची वेळ त्यांच्यावर आली असती का, ते बघता आलं असतं.

‘सिस्टर नको म्हणाल्या.’ सिस्टरांकडे तीन व्हेंटिलेटर, एक डायलिसिस आणि तुमच्यासारखे सहा जण. तुम्ही आलात तेव्हा काय म्हणालात? ‘सिस्टर, मोबिलाइझ करू का?’ नको म्हणणारच. ‘सिस्टर, साडेदहाला फीड थांबवून काकांना काठावर बसवते, ट्यूब मी धरते, तुम्ही फक्त मॉनिटरकडे बघा, पंधरा मिनिटांत लाइन जागच्या जागी देते,’ असं म्हणून बघा. आणि वॉर्डातल्या मामांना आधी सांगा, ऐन वेळी हाक मारू नका. त्यांनाही बाकीचे बेड आहेत.

‘मनुष्यबळ नाही.’ नाही, खरं आहे. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, श्वास बंद पडलेली मुलं भरली, पुरेसे व्हेंटिलेटर नव्हते. तेव्हा सुमारे दीड हजार विद्यार्थी, तुमच्याच वयाचे, पाळ्या लावून हातानं रबरी पिशव्या दाबत बसले. तासन्‌तास. महिनोन्‌महिने. आयसीयू नावाची गोष्ट त्यातून जन्मली. आपल्याकडेही पोलिओनंच मुंबईत केईएममध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू केलं. तुमच्या डिग्रीचा पूर्वज त्या पिशवीशी बसलेला आहे, आणि तुम्हाला पंधरा मिनिटं जड होतात.

आता पुढच्या रांगेतला तो, पेपर वाचणारा. काल मला म्हणाला, ‘मॅम, २०२२च्या टीम ट्रायलमध्ये तर फायदा दिसलाच नाही.’ शाबास. वाचतोस, चांगलं आहे. पण पूर्ण वाचत नाहीस. सहा देशांतली ४९ रुग्णालयं, ७५० पेशंट. लवकर आणि जास्त हालचाल दिलेल्यांना १८० दिवसांत घरी जगलेले दिवस काही जास्त मिळाले नाहीत, हे खरं. उलट त्रासदायक घटना ९.२ टक्के जणांना झाल्या, दुसऱ्या गटात ४.१ टक्के. आता तक्त्यात खाली जा. एका गटाला रोज सरासरी २१ मिनिटं सक्रिय हालचाल मिळाली. दुसऱ्या, म्हणजे ‘नेहमीच्या’ गटाला किती? नऊ मिनिटं. रोज. म्हणजे तुलना हालचाल आणि झोपणं यांची नव्हतीच. थोडं आणि बरंच जास्त यांची होती. त्यातून थोडं पुरेसं असेल, फार ताणलं तर अंगाशी येतं, असा अर्थ काढ. सात नंबरच्या काकांना नऊ दिवस मिळून नऊ मिनिटं मिळाली नाहीत. ज्या गटाचा दाखला देतोस, त्या गटात तरी त्यांना बसव.

आणि तू हसू नकोस. तुझ्यावर मी कमी नाही, जास्तच चिडलेय. मंगळवारी तीन नंबरच्या मुलीला तू उभं केलंस. का? नॉरअ‍ॅड तासाभरापूर्वीच वाढवलेलं. श्वास छत्तीस. कशासाठी, तर व्हेंटिलेटरसकट चालणाऱ्या पेशंटचा व्हिडिओ तुला ग्रुपवर टाकायचा होता. बीपी सत्तरवर आलं, सिस्टर धावल्या म्हणून निभावलं. त्या ९.२ टक्क्यांत असे उत्साही हात किती असतील याचा विचार कर. डिफर्ड लिहिणारा आळशी, आणि तू धडाकेबाज. त्या मुलीच्या बाजूनं बघितलं तर दोघांनीही मॉनिटर वाचला नव्हता. हालचाल म्हणजे चालवणं, हे तुझ्या डोक्यात कुणी भरलं? हेड-एंड तीस-पंचेचाळीस अंशावर ठेवणं ही पहिली पायरी आहे, ती तरी तिला मिळत होती का? ती बेडच्या तळाशी घसरलेली असते, कंबरेऐवजी छातीत वाकलेली, आणि बेडचा कोन मात्र बरोबर. मग खुर्चीसारखा बेड, मग काठावर पाय सोडून बसणं. यातलं काठावर बसणं मला सगळ्यात प्रिय आहे. मान स्वतः धरायची, पाठ स्वतः धरायची, पोट खाली उतरलेलं, पडद्याला जागा झालेली. तुम्ही काही न सांगता श्वास मोठा होतो, पाठीकडच्या मिटलेल्या पिशव्यांत हवा जाते आणि बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत खोकला येतो. तेव्हा सक्शन करा. तुमच्या टाळ्यांच्या आठवड्यात निघालं नसेल तेवढं निघतं.

अकरा नंबरच्या आजींचंही राहिलं. पोटाचं ऑपरेशन, ट्यूब कधीच निघालीय. लॉकरवर तीन गोळ्यांचं यंत्र, अजून पिशवीत. नातवानं काढून दिलं तर त्या झटक्यानं ओढतात, तिन्ही गोळे वर, नातू टाळ्या वाजवतो, तुम्ही ‘स्पायरोमेट्री दिली’ लिहिता. सहाशे, नऊशे, बाराशे, हे मिलिलिटर दर सेकंदाचे आकडे आहेत; वेगाचे, किती हवा गेली त्याचे नव्हेत. एक गोळा वर ठेवून सावकाश, लांब, आणि शेवटी थांबून. आणि आडवं पडून नाही, खुर्चीत बसून. खाटल्यावर हरीनं फुप्फुस आणून द्यायचे दिवस गेले.

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला, फुप्फुस तर सुधारतंच. हो, बऱ्याचदा सुधारतं. टोरोंटोच्या गटानं फुप्फुसं गंभीरपणे सुजलेल्या पेशंटचा पाच वर्षं पाठपुरावा केला. पाच वर्षांनी फुंकण्याच्या तपासण्या बहुतेकांच्या नॉर्मल किंवा नॉर्मलच्या जवळ. पण सहा मिनिटांत चालायचं अंतर? त्यांच्या वयाच्या माणसाला जेवढं जमायला हवं त्याच्या ७६ टक्के. फुप्फुस घरी पोहोचलं, माणूस जिन्यात बसला. काकांचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. हेही फाइलीत नाही.

आता पेन खिशात ठेवा. फाइल मी लिहिणार आहे. साडेदहाला अजून वीस मिनिटं आहेत. तू जा, रजिस्ट्रारना विचार, गळ्याचं उद्यावर ठेवता येईल का, आणि झोपेचं औषध आत्ता थांबवतात का. तू सिस्टरांना फीड थांबवायला सांग आणि हात सोडव काकांचे. आधी त्यांच्याशी बोल, मग सोडव. लघवीची पिशवी पलीकडे अडकवलीय, ती व्हेंटिलेटरच्या बाजूला घ्या, नाहीतर बसवताना नळी ओढेल. आर्टिरियल लाइन डाव्या मनगटात आहे, म्हणून उजवीकडून उठवायचं. ट्यूब मी धरते. पाठीमागे दोघं, गुडघ्यांपुढे एक. श्वास पस्तीसवर गेला, सॅच्युरेशन अठ्ठ्याऐंशीच्या खाली आलं, किंवा चेहरा पडला की झोपवायचं, आणि किती मिनिटं बसले ते लिहायचं. दोन मिनिटं बसले तर दोन लिहा.

आणि कुणीतरी बाहेर जा. त्यांच्या बायकोला सांगा, उद्या येताना काकांच्या चपला घेऊन या. साधी स्लिपर नको, मागे पट्टा असलेली. पाय सुजलेत, एक माप मोठी लागेल.